खांद्यावरचं कापड

३ ऑक्टोबर

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली ती दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागतं आणि रक्त पडतं का, हे लिहायला. आत रकानेसुद्धा आखून दिले आहेत. पण मी छत्तीस वर्षं शाळामास्तर होतो. कोरी वही हातात आल्यावर नुसते आकडे लिहून गप्प बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तेव्हा डावं पान बाईंचं, उजवं माझं.

आजार सांगायची त्यांची तऱ्हा मला आवडली नाही. मी खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो, तर म्हणाल्या, "मास्तर अम्पेम, हा गुदाशयाचा कॅन्सर आहे, आणि अगदी खाली आहे." वर कागद पुढे केला तो डाव्या हाताने. आमच्या अब्रेमासो गावात डाव्या हाताने कोणी कोंबडीला दाणासुद्धा टाकत नाही. डॉक्टर झिफा आग्बेको एवे जमातीच्या आहेत, व्होल्टा नदीकडच्या. तिकडे काय चालतं देव जाणे.

कुमासीच्या इस्पितळातून परतताना गाडीत क्येरेवा म्हणाली, "हात कुठलाही असू दे. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, ते बघा." चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या बाजूने कधी बोलली नाही.

आज सहा वेळा. रक्त थोडं.

९ ऑक्टोबर

बाईंशी पुन्हा थेट बोलायचं नाही, असं ठरवूनच गेलो.

मी आमच्या गावचे राजे नाना बोआच्ये यांचा ओक्येआमे आहे, म्हणजे त्यांचं तोंड. दरबारात नाना कोणाशी थेट बोलत नाहीत आणि नानांशीही कोणी थेट बोलत नाही. नाना हळूच माझ्या कानात सांगतात, मी काठी टेकवून चारचौघांत सांगतो. एकोणीस वर्षं झाली. नानांच्या तोंडून निघालेला धोंडा समोरच्याच्या ओंजळीत पडेपर्यंत त्याचं फूल झालेलं असतं, ती माझी कारागिरी. मग माझ्याच डोक्यात धोंडा सरळ येऊन का पडावा?

म्हणून दुफीला बरोबर नेलं. दुफी माझ्या बहिणीची मुलगी, शिवणकाम करते. आमच्यात माणूस आईच्या घराण्याचा, तेव्हा हा मान भाचीचाच. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "जे सांगायचं ते हिला सांगा, ही मला सांगेल. मी बाहेर बसतो."

बाई म्हणाल्या, "मास्तर, आजार तुमचा आणि कान भाचीचे?"

"आमची रीत आहे."

"ठीक आहे. पण सही तुमचीच लागेल."

बाकावर शेजारी क्येरेवा फुगून बसली होती. "धुवायला मी, ऐकायला भाची," म्हणाली. दाराच्या काचेतून मला आतलं दिसत होतं. बाई बराच वेळ बोलल्या, दुफी मान हलवत होती.

तिने बाहेर येऊन सांगितलं ते असं. पाच आठवडे किरणं आणि गोळ्या, मग दोन महिने औषधाच्या सुया. त्यानंतर एमआरआय काढायचा, आतून दुर्बीण घालायची, आणि रक्ताची एक नवी तपासणी करायची. गाठीचे कण रक्तात फिरतात, ते त्यात सापडतात. रक्त परदेशी पाठवावं लागतं. गाठ पुरती विरघळली असेल तर कापायचं नाही, नुसती नजर ठेवायची. नसेल तर ऑपरेशन. आणि गाठ इतकी खाली आहे की ऑपरेशन झालं तर खालची वाट कायमची बंद. पोटावर भोक आणि त्याला पिशवी.

"कायमची?" मी विचारलं.

"कायमची, मामा."

हे उजवं पान कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मरणाची भीती मला वाटते, पण या पिशवीची जास्त वाटते. नानांसमोर जाताना पायतण काढायचं आणि खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत उतरवायचं. माझं पोट रोज साऱ्या दरबारासमोर उघडं असतं. ज्याच्या अंगाला व्यंग आहे त्याने गादीजवळ उभं राहायचं नाही. काठी गेली तर माझ्यात उरतं काय? एक म्हातारा मास्तर, ज्याला फुफूचा मऊ गोळाही पचत नाही.

२२ नोव्हेंबर

किरणं संपली. खालचं सगळं भाजल्यासारखं झालं आहे. क्येरेवा कोमट पाण्याचं घमेलं भरून मला त्यात बसवते आणि दाराबाहेर बसून गावगप्पा सांगते. आज म्हणाली, "नानांचं तोंड घमेल्यात बसलंय, नानांना कळवू का?" मी हसलो तर दुखलं.

अकरा वेळा.

२० फेब्रुवारी

सगळ्या तपासण्या झाल्या, रक्ताचाही निकाल आला. बाई काचेपलीकडे बोलत होत्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. अठरा मिनिटं.

दुफी बाहेर आली ती हसतच. "मामा, गाठ गेली. कापायचं नाही."

"अठरा मिनिटं बोलल्या त्या."

"आणि अधूनमधून येऊन भेटून जा, म्हणाल्या."

मी क्येरेवाचा हात धरला, भर दालनात. तिने तो सोडवून घेतला नाही. पण निघताना डॉक्टरीणबाई स्वतः दारापर्यंत आल्या आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, मला काही दिसत नाही, एवढंच मी म्हणते. काही नाही, असं मी म्हणत नाही." मी दुफीकडे बघितलं, तशा बाई गप्प झाल्या. रीत त्यांच्याही अंगवळणी पडते आहे.

१० मार्च

आज दरबारात मान खाली घालावी लागली. गेल्या महिन्यात डोन्कोरने कोकोच्या मळ्याचं कुंपण पुढे सरकवलं म्हणून नाना कानात म्हणाले होते, "सांग त्या चोराला, पुन्हा हात लावलास तर गावाबाहेर काढीन." मी सांगितलं होतं, "नाना म्हणतात, झाडाने आपल्या मुळाशी राहावं, सावली आपोआप पडते." डोन्कोर खूश होऊन गेला. आणि कुंपण आणखी दोन हात पुढे आलं.

नाना म्हणाले, "तू त्याला नेमकं काय सांगितलंस?" मी तेच पुन्हा म्हणून दाखवलं. नानांनी डोळे मिटून घेतले. "अम्पेम, हे ऐकून तर मीसुद्धा कुंपण सरकवलं असतं."

त्या गाढवाला सावलीचा अर्थ कळला नाही, त्याला मी काय करणार?

२८ मे

तीन महिने भरले म्हणून पुन्हा कुमासीला. एमआरआय स्वच्छ, दुर्बिणीतही स्वच्छ. रक्त परदेशी गेलं. दुफीने वाटेत मक्याचे उकडलेले गोळे, केंके, आणि तळलेले मासे घेतले. सगळे मजेत होतो.

तीन वेळा. वर्षभरात इतकं कमी नव्हतं.

१९ जून

दुफीचा फोन वाजला तेव्हा ती आमच्याच अंगणात क्येरेवाच्या झग्याला अस्तर लावत होती. फोन घेऊन ती आंब्याच्या झाडामागे गेली. परत आली तेव्हा सुईत दोरा तिसऱ्या खेपेला गेला.

"कोण होतं?"

"डॉक्टरीणबाई. सगळं ठीक आहे. फक्त चौदा जुलैला पुन्हा एमआरआय काढू म्हणतात."

"तीन महिने कुठे झाले?"

"नवं यंत्र आलंय, मामा. बघायचंय त्यांना."

या डॉक्टर लोकांना नवं खेळणं मिळालं की दम निघत नाही.

१४ जुलै

आज कुमासीला जायचं होतं, गेलो नाही. नानांना शेजारच्या गावच्या राणीमातेच्या अंत्यविधीला जायचं होतं, आणि तोंड घरी ठेवून राजा अंत्यविधीला जात नसतो. दुफी सकाळी सातलाच दारात. "मामा, आज नको जाऊ अंत्यविधीला." इतकी हट्टाने ती लहानपणीही बोलली नव्हती. तिने मला 'तू' म्हटलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मी म्हणालो, "यंत्र पळून जातंय का?" ती रडायला लागली. बाईमाणसांना या आजाराचा फार धसका बसतो. क्येरेवाला तिच्यापाशी बसवून मी निघालो. भाषण मात्र उत्तम झालं, तीन गावचे लोक वाहवा करत होते.

रक्त पडलं का, या रकान्यात आज काही लिहिलं नाही. पाम तेलाचा लाल रस्सा होता, रंग नीट सांगता येत नाही.

२ ऑगस्ट

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

दुपारी दुफी आली आणि जमिनीवरच बसली. म्हणाली, "मामा, मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही." मे महिन्यात दिलेल्या रक्तात गाठीचे कण सापडले होते. फेब्रुवारीत नव्हते. बाई म्हणाल्या होत्या की नुसत्या रक्तावर मी सुरी उचलणार नाही, पण सहा आठवड्यांच्या आत एमआरआय झालाच पाहिजे. चौदा जुलैनंतर त्यांनी तिला पाच वेळा फोन केला. आणि फेब्रुवारीतली अठरा मिनिटं? त्यात बाई म्हणाल्या होत्या की अशा चार जणांत एकाची गाठ परत येते, म्हणून दोन वर्षं तरी एकही फेरी चुकवायची नाही.

मी ओरडलो. गेल्या कित्येक वर्षांत एवढा आवाज चढवला नव्हता. "तुला निरोप सांगायला ठेवलं होतं, शिवायला नव्हे."

ती म्हणाली, "मी तुमच्याकडूनच शिकले. लहानपणी दरबारात तुमच्या पायाशी बसायचे मी. नाना पुढे रागावलेले दिसायचे आणि तुमच्या तोंडून आशीर्वाद निघायचे. मला वाटायचं, माझे मामा जादू करतात." मग म्हणाली, "तुम्ही बाहेर बाकावर बसायचात, मामा. आत मी एकटी असायचे."

मी पण तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. क्येरेवाने दोघांना मक्याची पेज आणून दिली. लहान मुलांना देतात तशी, साखर घालून. डोन्कोरचं कुंपण राहून राहून डोळ्यांपुढे येत होतं.

डावं पान आज खरं भरलं. गेले तीन आठवडे रक्त पडतं आहे.

६ ऑगस्ट

बाईंच्या खोलीत एकटा गेलो. दुफीला म्हटलं, तू बाकावर बस, केंके खा.

"मला सांगा," मी म्हणालो. "जसं आहे तसं."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आज एमआरआय आणि दुर्बीण दोन्ही करते. दिसलं तर सांगेन दिसलं म्हणून. नाही दिसलं तर तेही सांगेन, आणि मला खात्री नाही हेसुद्धा सांगेन. चालेल?"

"चालेल. मी अंत्यविधीला गेलो होतो चौदा जुलैला."

"कळलं मला. भाषण चांगलं झालं म्हणे."

एवे लोकांत टोमणा मारायची पद्धत आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पुढचा कागद त्यांनी मुद्दाम उजव्या हाताने दिला. नाव लिहायचं राहिलं म्हणून तो परत घेऊन पेन डाव्या हातात धरलं, तेव्हा मी म्हणालो, "राहू दे बाई, कुठल्याही हाताने द्या."

१३ ऑगस्ट

दिसलं. जुन्याच जागी, वाटाण्याएवढं. अजून भिंतीच्या आत आहे, बाहेर पसरलेलं नाही.

"रक्ताने सांगितलं नसतं तर पुढच्या फेरीपर्यंत आपण निवांत असतो," बाई म्हणाल्या. "आज ऑपरेशन केलं तर सगळं निघेल, अशी मला चांगली आशा आहे. वचन देत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर एका वर्षाने आपण वेगळं काहीतरी बोलत बसू. त्यात पिशवी नसेल, पण तुम्हीही फार दिवस नसाल."

मी सही केली नाही. म्हणालो, आधी एका ठिकाणी जाऊन येतो. बाहेर येऊन दुफीला आणि क्येरेवाला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. सांगताना कळलं की न शिवलेला निरोप तोंडातून बाहेर काढायला किती जड जातं. क्येरेवा म्हणाली, "मला काठीवाला नको, मास्तर. मला नवरा पाहिजे." मग दोन पेरू विकत घेतले तिने आणि मोठा माझ्या हातात ठेवला.

१८ ऑगस्ट

सकाळी नानांकडे गेलो. गाऱ्हाणं घेऊन जाणारा नेतो तशी श्नॅप्स दारूची बाटली नेली. पायतण काढलं, कापड कमरेपर्यंत उतरवलं. पोटाकडे एकदा बघून घेतलं. काठीच्या टोकाला अंडं धरलेला हात कोरला आहे, सत्ता फार आवळली तर फुटते म्हणून. ते टोक नानांकडे करून काठी त्यांच्या पायाशी ठेवली आणि आजार पहिल्यापासून सांगितला. ठरल्या दिवशी एमआरआय का झाला नव्हता, तेही सांगितलं. शेवटी म्हणालो की पोटावर पिशवी असलेल्याने इथे उघड्या अंगाने उभं राहू नये, म्हणून ही काठी परत.

नानांनी काठीकडे बघितलं. मग म्हणाले, "माझं तोंड कुठे आहे?"

"इथेच, नाना."

"मग काठी घे. या समोरच्या माणसाला माझा निरोप द्यायचाय."

मी काठी उचलली. दालनात आम्ही दोघंच होतो. नाना वाकले आणि नेहमीसारखं कानात सांगू लागले. मी सरळ उभा राहिलो, मघाशी मी जिथे उभा होतो त्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि काठी टेकवली.

"नाना म्हणतात, अंगाला व्यंग नसावं ही अट गादीवर बसणाऱ्याला आहे. शेजारी उभं राहणाऱ्याला ती कोणी घातली, हे या माणसाने कधी विचारलं का?"

नानांना विचारायचं तर माझ्याच मार्फत विचारावं लागलं असतं. तसं मी कधी विचारलं नाही.

"नाना म्हणतात, माझं तोंड अंत्यविधीत छान बोललं, पण मला त्या दिवशी तोंड नसतं तरी चाललं असतं. मला हा माणूस जिवंत पाहिजे."

नानांनी पुढचं कानात सांगितलं.

"नाना म्हणतात, आजपासून या माणसाने माझ्यासमोर कापड खांद्यावरच ठेवावं. हा मान माझ्या आजोबांनी एकालाच दिला होता. कोणी कारण विचारलं तर सांगावं, नानांची मर्जी."

मी एक शब्द वाढवला नाही, एकही गाळला नाही. नाना मागे टेकले. "आता कापड वर घे," म्हणाले. हे त्यांनी कानात सांगितलं नाही. थेट माझ्याकडे बघून म्हणाले.

तिथून सरळ कुमासीला जाऊन सही केली.

१७ सप्टेंबर

ऑपरेशन होऊन अठरा दिवस. गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या, बाईंनी कागद माझ्या हातात देऊन स्वतः वाचायला लावलं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा एमआरआय. या वेळी तारखा क्येरेवाने स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिल्या आहेत, आणि त्या दिवशी गावात कोणी मेलं तर अंत्यविधी थांबेल, अशी दवंडी दिली आहे.

बसायला फार दुखतं. बरं आहे, उभं राहणं हेच माझं काम आहे.

पोटावरच्या भोकाला इथल्या नर्स तोंड म्हणतात. डाव्या पानावरचे रकाने आता कामाचे नाहीत. बाईंनी नवी वही देऊ केली. मी नको म्हटलं, अजून पानं शिल्लक आहेत.

२७ ऑक्टोबर, अक्वासिदाए

सणाचा मोठा दरबार. नाना सोन्याने मढलेले, वर छत्री, ढोल, शिंगं. मी काठी घेऊन शेजारी उभा, कापड खांद्यावर. बायकांमध्ये क्येरेवा आणि दुफी बसलेल्या. दोन म्हाताऱ्यांनी माझ्या खांद्याकडे बघून भुवया चढवल्या. मी त्यांना सांगितलं, नानांची मर्जी.

पूर्वजांना दारू वाहिली. मग नेहमीप्रमाणे ढोल थांबले आणि सगळं गाव चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत माझ्या कापडाखालून आवाज आला. लांब, ओला, अगदी मोकळा. तीनशे लोकांनी ऐकला. छत्रीवाला गोठला. दुफीने डोळे मिटले.

नानांनी बोट हलवलं. मी कान खाली नेला.

"सांग त्यांना," नाना कुजबुजले, "तो मी होतो."

मी सरळ झालो, काठी टेकवली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वीस वर्षांत मी नानांचे निरोप गोड केले, लांबवले, कधी पार बदलूनही टाकले, पण पोचवला नाही असा एकही नव्हता.

"ते माझं पोट होतं," मी म्हणालो. "कॅन्सर कापून काढला, तिथे नवं तोंड आलंय. त्याला अजून दरबाराची रीत ठाऊक नाही, शिकेल."

आधी हसली ती क्येरेवा. मग सगळं गाव. नाना दरबारात हसत नाहीत, पण त्यांनी कापडाचं टोक तोंडापर्यंत नेलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही. नंतर मला पुन्हा कान खाली न्यायला सांगितलं. "मी दिलेला निरोप तू सांगितला नाहीस," म्हणाले.

"नाही सांगितला, नाना," मी म्हणालो, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.